उसना दिलेला पॉट

मित्रांनो, मी एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे. बाहेर सागवानी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, वर फिरवायचा दांडा. बटण दाबलं की कामाला लागणाऱ्यातला मी नव्हे. भोवती बर्फ आणि खडेमीठ भरून अर्धा तास दांडा फिरवा, मग कुठे मी मनावर घेतो.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत गणपतरावांच्या घरी मी राहायचो. दिवसभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायची आणि घरी येऊन लोकांनी टाकलेली, असा हा फिटर माणूस. पितळी पात्यांचा पंखा, कोळशाची इस्त्री, जुना रेडिओ, असे छत्तीस जण होतो आम्ही. बाकीचे फळीवर ऐटीत बसत. मला उन्हाळ्यात बसायला सवडच नसे, कारण मी गल्लीभर उसना जायचो. गणपतरावांच्या पत्नी शालूबाई यांची एकच अट होती, पॉट रिकामा परत यायचा नाही. म्हणून येताना माझ्यात वाटीभर आइस्क्रीम असायचं. एका ईदला शेजारच्या जरीनाकडून शीरखुर्मा घेऊनही आलो. तेव्हाचा माझा तोरा काय विचारता!

मग घरोघरी फ्रिज आले आणि मी माळ्यावर गेलो. लाकूड वाळलं, फटी पडल्या. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

यंदा गणपतरावांचे गुडघे गेले. लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या. शालूबाई म्हणाल्या, "एका कपाटात मावंल तेवढंच न्यायचं." एकेक वस्तू पुसून गणपतराव लोकांना देऊ लागले. मी काही कपाटात मावेना. एक हॉटेलवाला म्हणाला, "दारात ठेवतो की, कुंडी म्हणून." कुंडी म्हणे! गणपतराव मला जवळ ओढून नुसताच दांडा फिरवत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

सामान बांधायला आलेल्या जरीनानं ते पाहिलं. "चाचा, देऊ नका की कुणाला. मला उसना द्या."

"आन् परत कधी आणणार?"

"दर उन्हाळ्याला."

शालूबाईंनी बोचक्याची गाठ मारता मारता बजावलं, "ध्यानात हाय न्हवं? रिकामा आणायचा न्हाय."

जरीनानं मला दोन दिवस पाण्यात भिजत ठेवलं. लाकूड फुगलं, फटी मिटल्या. मे महिन्यात तिच्या घरच्यांनी पाळीपाळीनं दांडा फिरवला आणि आंब्याचं आइस्क्रीम घेऊन मी लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेलो. गणपतरावांनी दोन वाट्या खाल्ल्या. मग मांडीवरच्या फडक्यानं मला सावकाश पुसलं.

मित्रांनो, घरात जागा नसली तर आमच्यासारख्यांना कुंडी करू नका. वापरणाऱ्याच्या हाती द्या आणि अधूनमधून भेटायला बोलवा. आम्हाला एवढंच पुरतं.

निघताना शालूबाईंनी माझा डबा धुतला, कोरडा केला आणि त्यात मूठभर साखर घातली. जरीना नको नको म्हणत होती.

"ऱ्हाऊ दे," शालूबाई म्हणाल्या. "आमच्याकडनंबी रिकामा जात न्हाय."