पंचाहत्तर किलोचा भरवसा

मी एक वजनकाटा बोलतोय. भाजी तोलणारा नव्हे. मोटारीच्या मागे जी चाकांवरची खोली ओढत नेतात, त्या कॅरव्हॅनच्या नाकाखाली मला उभं करतात. हातभर लांबीची नळी, आत स्प्रिंग आणि वर अंकांची खिडकी, एवढाच माझा देह. मोटारीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर कॅरव्हॅनचं नाक किती भाराने टेकेल, तेवढं मी सांगतो. या एका गोष्टीत तरी मी शहाणा आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. हार्मेनच्या पासष्टाव्या वाढदिवसाला त्याचा धाकटा भाऊ डाउवे याने मला रंगीत कागदात गुंडाळून आणलं. पाहुणे भिंतीलगत गोल बसले होते. वाढदिवस हार्मेनचा, पण सगळे त्याच्या बायकोचं, भावाचं, शेजाऱ्याचंही अभिनंदन करत होते. यांनी नेमकं काय केलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मग केकचा प्रत्येकी एक तुकडा मिळाला आणि डबा बंद झाला.

"आता तरी मोजून निघत जा, दादा," डाउवे म्हणाला. "तुझी गाडी मागून बसलेल्या कुत्र्यासारखी दिसते."

"चाळीस वर्षं ओढतोय मी. वजन किती ते माझी पाठच सांगते."

"तुझी पाठ रोज सकाळी मोजे घालताना काय सांगते ते मी ऐकते," हार्मेनची बायको सीत्स्के म्हणाली. सगळे हसले. हार्मेनने मला शेडमध्ये सायकलच्या पंपाशेजारी टाकलं. तिथे चार वर्षं गेली.

माणसाला आपल्या मोटारीच्या रंगाचं नाव पाठ असतं, पण तिने किती ओढावं हे कागदावर छापलेलं असताना तो वाचत नाही. कॅरव्हॅनच्या दाराशी एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर स्पष्ट आकडा असतो: सामानासकट जास्तीत जास्त तेराशे किलो. हार्मेन दर वसंतात तो पत्रा फडक्याने पुसायचा. पुसायचा, वाचायचा नाही.

मग त्यांची मुलगी निन्के गरोदर राहिली. ती फ्रान्सच्या डोंगराळ भागात राहते, बाराशे किलोमीटरवर. पहिलं बाळंतपण. सीत्स्केला तिथे वेळेवर पोचायचंच होतं. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. निघायच्या दिवशी तिनेच मला शेडमधून शोधून काढलं.

"मोजल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

आता आत काय भरलं होतं ते ऐका. पंचवीस किलो बटाटे. फ्रान्समध्ये बटाटे पिकतात हे हार्मेनला ठाऊक आहे. पण ते महाग, आणि म्हणे त्यांना चव नाही. सहा आठवड्यांची कॉफी, शेंगदाण्याच्या लोण्याच्या अकरा बरण्या, बियरचे चार क्रेट, बाळासाठी ओकचा पाळणा, आणि कॅरव्हॅनच्या दारापुढे उभारायच्या तंबूचे लोखंडी खांब. परदेशात जाऊन घरचंच खायचं असेल तर ही माणसं जातात कशाला? असो. मी काटा आहे, माझी अक्कल बेताची.

मला नाकाखाली उभं केलं. मी म्हणालो, शहाण्णव. गोळ्याला पंचाहत्तर चालतात.

कुणाही समजदाराने बटाटे उतरवले असते. हार्मेनने ते उचलले आणि कॅरव्हॅनच्या अगदी मागच्या कपाटात नेऊन ठेवले. पाठोपाठ क्रेट आणि बरण्या. पुन्हा मला उभं केलं. ब्याऐंशी. मग तंबूचे खांबही मागे गेले. पंचाहत्तर.

"बघ! अगदी काट्यावर," तो म्हणाला.

सीत्स्केने आत डोकावलं. "ओझं गेलं कुठं?"

"मागे."

"म्हणजे गेलं नाहीच."

"अगं, हे यंत्र पंचाहत्तर म्हणतंय. यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती बसली. माझ्या शब्दावर बसली.

बेल्जियमच्या डोंगरात एका लांब उतारावर शेजारून ट्रक गेला आणि वाऱ्याच्या धक्क्याने कॅरव्हॅनचं शेपूट हललं. शेपटात दीड क्विंटल ओझं. एकदा डावीकडे गेलं, ते उजवीकडे आणखी लांब गेलं. मोटार कॅरव्हॅनला ओढत होती की कॅरव्हॅन मोटारीला, ते कळेना. "ब्रेक नको! नुसता पाय काढ!" सीत्स्के ओरडली. हार्मेनने ब्रेकवर पाय दाबला. कॅरव्हॅन कठड्यावर आडवी झाली आणि मोटार तिच्यासोबत फिरली. सीत्स्केचा उजवा हात खांद्याखाली मोडला.

पोलिसांनी ते धूड तोललं. चौदाशे सत्तर. हार्मेनने मला पुढे केलं. "साहेब, मी मोजून निघालो होतो. हा बघा काटा."

तो तरुण पोलीस मला उलटसुलट बघून म्हणाला, "आजोबा, हा नाकाचा भार सांगतो. पोटात किती भरलंय ते याला काय ठाऊक?"

निन्केला मुलगी झाली तेव्हा सीत्स्के तिथून आठशे किलोमीटर अलीकडे, इस्पितळाच्या खाटेवर होती.

मी इतका वेळ हार्मेनला हसतो आहे. तो हसण्याच्याच लायकीचा आहे. पण त्याच्याकडे निदान मूर्खपणाची सबब आहे. मला तर अंक येत होते. मी जे सांगितलं ते खरं होतं, आणि त्या खऱ्यावर विसंबूनच ती गाडीत बसली. तेव्हापासून माझं मलाच नीटसं कळत नाही की मी कुणाच्या बाजूचा.

नात आता एक वर्षाची होते आहे. विम्याच्या पैशात त्यांनी जुनीच, पण लहान कॅरव्हॅन घेतली. आज सकाळी सीत्स्केने डाव्या हाताने मला नाकाखाली धरलं. उजवा अजून पुरता वर जात नाही.

"किती?" हार्मेनने विचारलं.

"पंचाहत्तर."

"झालं तर! बस, निघू."

"तेव्हाही पंचाहत्तरच होते," ती म्हणाली. "आधी वाळूच्या डेपोतल्या मोठ्या काट्यावर चल. अख्खी तोलू. जास्त भरली तर तुझ्या हाताने उतरवायचं, आणि मागे नाही, घरी."

हार्मेन पुटपुटला, "एवढ्यासाठी डेपोत? लोक काय म्हणतील?" पण त्याने गाडी काढली.

बाई, तू बरोबर केलंस. मला इथे शेडच्या फळीवर ठेवून गेलात तेही बरं झालं. जे कुणी माझ्यासारखा काटा विकत घेतील त्यांना माझी एकच विनंती आहे: माझं ऐका, पण माझ्या एकट्याच्या शब्दावर आपलं माणूस गाडीत बसवू नका.