दोराचं खालचं टोक

हेरंबने दोराला दोन हिसके दिले आणि बंद चेनसॉ मांडीशी धरून उत्तराची वाट पाहिली.

खालून एकच हिसका आला. म्हणजे खाली मोकळं आहे, काप. त्याने मशीन सुरू केलं आणि पिलखनाच्या झाडाची वाळकी फांदी बुडापासून उतरवली. ती हिरवळीवर, ठरवल्या जागी पडली. मशीन थांबल्यावर त्याने वाकून पाहिलं, तर बंगल्याच्या मालकीणबाई खाली दोर धरणाऱ्या बलकार सिंगांच्या पाठीमागे उभ्या राहून ओरडत होत्या.

"भाईसाहब, ओ भाईसाहब, मेरे गमले हटाओ पहले!"

बलकार सिंगांचं तिकडे लक्षच नव्हतं. दोर कमरेला, पाय रोवलेले, नजर वर. बाईंनी शेवटी जवळ जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा कुठे ते वळले आणि कानाशी हात नेऊन ओशाळं हसले.

वर बसलेला हेरंब हे पाहत होता. आज बाई होत्या, उद्या झाडं छाटणाऱ्या कंपनीचे साहेब असतील. झाडाखाली दोर धरणारा माणूसच बहिरा, हे साहेबांना कळलं की म्हातारबुवांचं काम त्याच दिवशी संपलं. आणि नाही कळलं, तर त्याहून वाईट. कारण दोन हिसक्यांची ही भाषा फक्त या दोघांचीच होती. बाकी सगळ्या टोळ्यांत रीत सरळ होती: वरच्याने 'नीचे' म्हणून हाक द्यायची, खालच्याने 'साफ है' म्हणायचं, आणि ते ऐकू आल्याशिवाय वरच्याने फांदीला पातं लावायचं नाही.

पूर्वी तेही तसंच करायचे. गेल्या हिवाळ्यात एका शिरीषाची फांदी, बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ, हेरंबच्या पायाखालून गेली. तो दोराला लोंबकळत राहिला. खाली बलकार सिंगांच्या तळव्यांची सालटी निघाली, पण त्यांनी दोर सोडला नाही. हेरंबचं हाडबीड काही मोडलं नाही. टोळीने पाठ थोपटली, चहा पाजला, झालं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा झाडावर चढला, हाक दिली, आणि उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा हाक दिली. थंडी होती, घसा सकाळपासून कोरडा होता. बलकार सिंग खाली कानाशी हात धरून नुसते वर बघत उभे होते. संध्याकाळी दोर गुंडाळताना ते म्हणाले,

"पुत्तर, इन मशीनों ने मेरे कान खा लिए. तू रस्सी खींच दिया कर. दो बार. और किसी को बताना मत."

त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायको सोडून.

बायकोला सांगणं म्हणजे तसा धोकाच होता, कारण आसावरी कान तपासणारी. तिच्याच नोकरीपायी दोघं गुहागरहून इतक्या लांब आले होते, आणि आता इथली तिची नेमणूक संपत आली होती. चिपळूणच्या एका रुग्णालयाने तिला बोलावलं होतं. गुहागरला हेरंबच्या भावाची, अच्युतची, रोपवाटिका होती; तिथे हेरंबसाठी काम तयारच होतं. अडलं होतं ते त्याच्या एका 'हो'वर.

शनिवारी संध्याकाळी तो शहराबाहेर, खरड गावातल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून कोकमाच्या रोपांना गोणपाट गुंडाळत होता. सुट्टीचा त्याचा हाच उद्योग. तेलाच्या रिकाम्या डब्यांत तो दरवर्षी कोकम लावी आणि इथली थंडी दरवर्षी त्यांना माना टाकायला लावी. आसावरी दारात येऊन उभी राहिली.

"सोमवारी मला चिपळूणला कळवायचंय. 'हो' लिहू, की परत 'विचार चालू आहे'? त्यांनाही आता हसू येत असेल."

"बलकार पाजींचं काय?"

"त्यांचा मुलगा कॅनडात आहे. तिकीट काढतो म्हणून मागे लागलाय, तूच सांगतोस."

"जात नाहीत ना ते. कबुतरं सोडवत नाहीत त्यांना."

"छान आहे की तुमचं. कबुतरांनी पाजींना धरून ठेवलंय, पाजींनी तुला, आणि तू मला."

हेरंबने गोणपाटाची सुतळी आवळली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती. तो गेला की त्या दोरावर दुसरा कुणी चढेल, रीतीप्रमाणे हाक देईल, आणि खालचा माणूस ती ऐकणार नाही. कुणाच्या जिवावर बेतेल ते सांगता येत नव्हतं. हल्ली सकाळी कमरेचा पट्टा आवळताना त्याला मळमळायचं, हाताला घाम सुटायचा. याचंही कारण त्याने ठरवून टाकलं होतं: पाजींचे कान. आज हिसकाही त्यांना कळला नाही तर?

"एकदा मला दाखव तरी त्यांना," आसावरी म्हणाली.

"नको. कागद होईल. कागद साहेबांकडे जाईल."

"कागद नको नि तपासणीचं मशीनही नको. उद्या मी कबुतरं बघायला येते, एवढंच."

मनीमाजऱ्यात बलकार सिंगांचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. जिने चढून गच्चीवर गेलं की वर फक्त आकाश आणि विजेच्या तारा. रविवारी सकाळी ते वेगळेच दिसत. कामावरचा खाकी सदरा नाही, पांढरा कुर्ता, आणि तोंडात दोन बोटं घालून अशी शीळ घालत की लांबवर फिरणारा थवा जागच्या जागी वळे. हेरंबला त्या शिळेचं नेहमी वाईट वाटायचं. आपलीच शीळ या माणसाला ऐकू येत असेल का?

थवा छोटाच होता. खुराडी निम्म्याहून जास्त रिकामी होती, हे हेरंबने आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

"बाकी कुठे गेली, पाजी?" हेरंबने हातवारे करत, मोठ्याने, हिंदीत विचारलं.

"दे दिए लोगों को. पिछली सर्दियों में ही दे दिए थे."

"मग कॅनडा?"

"जाऊंगा, जाऊंगा," म्हणत ते पाठ फिरवून डब्यातली बाजरी मापात भरायला वाकले.

आसावरी त्यांच्या मागे चार पावलांवर उभी होती. तिने ओढणीचं टोक ओठांवर धरलं. शेजारच्या घरात पूजा चालू असताना बोलावं तितक्या बारीक आवाजात ती म्हणाली,

"पाजी, पगडी पे पंख लगा है."

बलकार सिंगांचा डावा हात वर गेला. त्यांनी पगडीवरचं करडं पीस काढलं, फुंकरीने उडवलं, आणि पुन्हा मापात हात घातला. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

आसावरीने हेरंबकडे पाहिलं. तो खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. ती बांधलेलीच होती.

परतताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "कान ठणठणीत आहेत. तुझ्या-माझ्यापेक्षा बरे. बहिरी असून ऐकू येतं म्हणणारी माणसं मी रोज बघते. उलटा प्रकार पहिल्यांदा पाहिला."

"हं."

"एवढं सोंग कशापायी करत असतील रे?"

हेरंबला आधी रागच आला. वर्षभर आपण या माणसासाठी झुरलो, खोटं बोललो, गाव लांबणीवर टाकलं, आणि हा ठकवतोय? मग चौकात लाल दिव्यापाशी स्कूटर थांबली, आणि तो दिवस त्याला जसाच्या तसा आठवला. झाडावर तो स्वतः. थंडी. कोरडा घसा. हाक दिली असं त्याला वाटलं होतं, पण ती स्वतःच्या कानांनी ऐकल्याचं काही त्याला आठवेना. ओठ हलले असतील. बलकार सिंगांना ऐकू आलं नाही कारण ऐकण्यासारखं काही आलंच नव्हतं. खाली टोळीतली माणसं उभी होती. चढणाऱ्याचा आवाज भीतीने गेलाय हे कुणाच्याही लक्षात यायच्या आत म्हाताऱ्याने कानाशी हात नेला होता.

मागून हॉर्न वाजायला लागले.

"हेरंब, दिवा हिरवा झालाय."

घरी आल्यावर तो गॅलरीत कोकमांपाशी जाऊन उभा राहिला, छातीत हवा भरली आणि ओरडला: "नीचे!" खणखणीत आवाज निघाला. समोरच्या इमारतीतल्या बाई वाळत घातलेल्या चादरीआडून डोकावल्या. आसावरी स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मी कळवू का मग?"

"उद्या सांगतो," तो म्हणाला. तिने कपाळावर हात मारला आणि आत गेली. त्याला तिची दया आली. आता सबबही उरली नव्हती. वर्षभर आपण एका बहिऱ्याला सांभाळतोय या फुशारकीवर दिवस काढले, आणि निघालं काय, तर आपणच सांभाळलेलं पोर. गुहागरात त्याला सगळे वानर म्हणत. पोफळीच्या शेंड्यावरून दुसऱ्या पोफळीवर जाणारा. तो वानर आता भावाच्या रोपवाटिकेत खाली बसून पिशव्यांत माती भरणार, हे कुणाला कसं सांगायचं? झाडावर राहवत नव्हतं आणि खाली उतरायला तोंड नव्हतं.

सोमवारी काम रस्त्याकडेच्या अर्जुनाच्या झाडावर होतं. एकच वाकडी फांदी, दिव्याच्या खांबावर आलेली. नेहमीप्रमाणे बलकार सिंगांनी त्याची गाठ तपासली, खांद्यावर थाप दिली. तो चढला. बेचक्यात बसला. टोळीतले बाकीचे पलीकडे ट्रकपाशी चहा पीत होते. अर्जुनाची सालपटं त्याच्या गुडघ्याखाली सुटत होती आणि तळव्यांना घाम आला होता. आज त्या घामाला पाजींच्या कानांचं नाव देता येत नव्हतं.

दोर हातात होता. दोन हिसके दिले असते तर एक आला असता, आणि उद्या पुन्हा दोन, पुन्हा एक. त्याने हिसका दिला नाही. चेनसॉ कमरेच्या आकड्याला अडकवून टाकला. मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, अगदी हळू, तो म्हणाला,

"पाजी."

खाली बलकार सिंग पडलेली पानं पायाने बाजूला सारत होते. त्यांचा पाय थांबला.

"पाजी, कनाडा कब जाओगे?"

रस्त्यावरून एक बस गेली. तिचा आवाज विरेपर्यंत बलकार सिंग तसेच उभे राहिले, मान खाली घालून. मग त्यांनी ट्रककडे एकदा पाहून घेतलं, दोर दोन्ही हातांत धरला, पाय रोवले, आणि वर न बघता, तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले,

"पहले तू उतर, पुत्तर."