खुशालरावाच्या पेवातली ज्वारी

मी खुशालरावाच्या पेवातली ज्वारी बोलतेय. नाक दाबा, पण ऐका.

वलगावच्या शिवारात मला मनकर्णेनं कापलं, खळ्यात तिनंच उफणलं. खुशालरावानं मला दोन पुरुष खोल खड्ड्यात, पेवात, ओतलं आणि वरून तोंड लिंपलं.

पावसाळ्यात गावातल्या कणग्या रित्या झाल्या. मनकर्णा पायलीभर मागायला आली. खुशालरावानं घरात ठेवलेली माझीच एक मूठ हातात धरली. "या अन्नाची आण, पेव रिकामं हाय."

अन्न हाती घेऊन खोटं! तेव्हाच ठरवलं, याच्या ताटात जायचं नाही.

भिंतीतून पाणी पाझरलं. ओला दाणा जागा होतो, त्याला हवा लागते. होती ती आम्ही संपवली. माणूस असता तर मेला असता. दाण्यातल्या बारीक पेशी मात्र हवेवाचूनही साखर मोडून जगतात. ताकद थोडकी मिळते, साखर ढिगानं जाते, मागे दारू उरते आणि एक जड वायू. अंगावरचं खमीरही मदतीला आलं. मी आंबले, तापले. तो वायू पेवात काठोकाठ भरून ठेवला. ये म्हटलं खुशालराव, उतर.

भर दुपारी, गाव वावरात असताना, त्यानं पेव उघडलं. पण उतरायला बोलावलं कोणाला? मनकर्णेला!

"रिकाम्या पेवातून काय काढू, मालक?"

"लय बोलू नको. उतर, पायली देतो."

"आधी कंदील सोडा."

"मले शिकवून राहिली का?"

"जीव माहा हाय."

मी पहिल्यांदा भ्याले. सूड माझा, अन् मरणार ही? कंदील खाली आला. माझ्या वायूत बुडाला आणि फट्कन विझला.

"वाऱ्यानं गेला," तो म्हणाला.

"पेवात कुठला वारा? तुमीच उतरा मंग."

तो उतरला नाही. माझा वास मात्र वर चढला, गावभर फिरला. वावरातून माणसं आली. रिकामं पेव सगळ्यांनी पाहिलं.

आठ दिवस तोंड उघडं ठेवलं, पुन्हा कंदील सोडला, तो जळत राहिला, तेव्हा मला उपसलं. काळी, आंबट. बैलांनीही तोंड फिरवलं. मनकर्णेनं माझी एक मूठ त्याच्यापुढे धरली.

"घ्या मालक. घ्या आता आण."

आज मी उकिरड्यावर आहे. मनकर्णेच्या तव्यावर भाकर होऊन फुगायचं होतं, तेवढं राहिलं. पण खुशालरावानं हात पुढे केला नाही तो नाहीच.