पाच वाजताची हवा

कलकत्त्यात बालीगंजला आमच्या गच्चीवर सरकारी पंप आहे. तो चोवीस तास हवा ओढून एका गोल कागदातून गाळतो. चीनने अणुबॉम्ब उडवला की किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर इथवर येते, ती त्या कागदावर पकडायची आणि कागद मोजणीसाठी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. अधिकारी बाबा, पण रोज सकाळी शाळेआधी कागद बदलते मी, हेमा, इयत्ता दहावी.

हिशेब सोपा होता आणि साफ चुकीचा. सकाळी कोऱ्या कागदातून मिनिटाला किती हवा जाते ते मोजायचं आणि दिवसभराच्या मिनिटांनी गुणायचं, झालं. पण हिवाळ्यात पाच वाजले की अख्खी गल्ली कोळशाच्या शेगड्या पेटवते. कागद काळा ठिक्कर, पंपाचा जीव घुसमटलेला, हवा निम्मीसुद्धा जात नाही. मग धूळ कमी सापडते आणि आपण ऐटीत लिहितो, हवा स्वच्छ.

म्हणून मी शाळेतल्या बाईंकडून काचेची वाकडी नळी मागून आणली, तिच्यात लाल शाईचं पाणी भरलं आणि पंपाला जोडली. कागद जितका कोंदेल तितकं पाणी वर चढतं.

बाबांचे साहेब घोषालबाबू तपासणीला आले आणि नळी बघून हसले.

"खुकी, पोरी, हे खेळणं काढ."

बाबांनीही डोळ्यांनी तेच सांगितलं. त्यांचा गोपनीय अहवाल साहेबच लिहितात, हे मला ठाऊक होतं. तरी मी नळीपुढून हलले नाही.

"काकाबाबू, पाचपर्यंत थांबा. पाणी चढलं नाही तर मी स्वतः काढते."

आईने दोनदा चहा पाठवला. मग गल्लीतून धूर वर आला. पाणी चार सेंटीमीटरवरून चढत चढत नवावर गेलं. साहेब खोकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. शेवटी म्हणाले की विनापरवाना यंत्रात फेरफार झालाय, तशी नोंद करावीच लागेल.

"करा की," मी म्हटलं. "पण खाली नऊ सेंटीमीटरही लिहा. नाहीतर फेरफार कशासाठी केला ते मुंबईला कळणार कसं?"

बाबांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, आता माफीनामा. पण त्यांनी रजिस्टरमध्ये पट्टी न लावताच एक नवा रकाना आखला, थोडा वाकडाच, आणि वर लिहिलं, 'नळी, संध्याकाळ'.

घोषालबाबूंनी आधी तक्रार लिहिली. मग रकान्यात नऊ. सही दोन्हींखाली केली.

नळी अजून पंपाला आहे.