रोडकी मेंढी आणि जुना हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्यातून गाणी ऐकू येत नाहीत, हे आधीच सांगतो, म्हणजे तुमची निराशा एकदाच होऊन जाईल. माझ्यातून माणसांचे बोलणे ऐकू येते, आणि तेही एका भाषेतले दुसऱ्या भाषेत होऊन. वेल्समधल्या पेन्रोस गावात, चॅपल म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या मागच्या दालनात, एका निळ्या पेटीत मी राहतो. माझ्या डाव्या कानाचा स्पंज कुत्र्याने चावला आहे आणि आवाज कमीजास्त करायचे चाक मध्येच अडकते. तरीही आमच्या पेटीत माझ्याइतका मान कुणाला नाही. तो कसा मिळाला, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवते ती पहिली सभा. कोपऱ्यात तेगवेन नावाची दुभाषी तोंडाशी छोटा माइक धरून बसली होती. एक शेतकरी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल वेल्शमध्ये तावातावाने बोलत होता. तेगवेन तेच हळू आवाजात इंग्रजीत सांगत होती, आणि ते माझ्यातून गावात नव्याने आलेल्या एका शिक्षिकेच्या कानात जात होते. तिला खड्डे समजले, राग समजला, विनोदही समजले. फक्त विनोद क्षणभर उशिरा. दालन आधी हसे, मग ती हसे. हसण्याच्या बाबतीत माझी माणसे कायम दुसऱ्या पंगतीला!

एकदा तर एक सभासद मला डोक्यावर तसाच ठेवून घरी गेला आणि मेंढ्यांना चारा घालून आला. त्याच्या कुत्र्याला माझा डावा कान आवडला, तो त्याच दिवशी.

पण मित्रांनो, मी जितके काम केले, त्याहून जास्त दिवस पेटीत पडून काढले. आणि त्याला कारण कुणाची दुष्टाई नव्हती. कारण होता पेन्रोसच्या लोकांचा चांगुलपणा. या दालनात वीस माणसे वेल्शमध्ये गप्पा मारत असोत, वेल्श न कळणारे एक माणूस दारातून आत आले, की वीसच्या वीस जण इंग्रजीकडे वळतात. कुणाला सांगावे लागत नाही. पाहुण्याला अवघडल्यासारखे होऊ नये, एवढाच हेतू. पाहुणा म्हणतो, "हेडफोन नको, चालेल मला." त्याला चालतेच, कारण त्याच्या भाषेत चालायचे असते ते दुसऱ्यांना. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते मी पेटीत पडल्या पडल्या पुरते समजलो.

मग तो दिवस आला. वेल्सची राजधानी कार्डिफहून लोकप्रतिनिधींची एक समिती पेन्रोसला आली. सरकार स्वतःची धोरणे स्वतः पाळते की नाही, हे विचारणे तिचे काम. समितीच्या अध्यक्ष मेरेरिदबाई, चणीने लहान आणि नजरेने तिखट. जाब द्यायला आले होते आरोग्य खात्याचे बडे अधिकारी हॉल्डनसाहेब. प्रश्न लावरीचा होता. आजारपणात वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारी ही मुलगी. त्या साऱ्या भागात हे काम वेल्शमधून करणारी ती एकटीच होती, आणि तिची जागा बंद करण्याचे घाटत होते.

दारात मला हॉल्डनसाहेबांच्या हातात दिले. साहेब माणूस गोड. "थँक्यू, पण चालेल मला," असे म्हणून त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर ठेवले आणि माझ्यावर 'बारा ब्रिथ' नावाच्या पावाची बशी टेकवली. मनुकांच्या त्या पावाचे तुकडे माझ्या उजव्या कानात गेले. आणि अर्थातच सगळे दालन इंग्रजीकडे वळले.

साक्ष द्यायला हेन्द्रे नावाच्या शेतावरची नेस्ता उठली. तिचा नवरा ग्विलिम जन्मभर मेंढ्या पाळणारा. पक्षाघाताने त्याची वाचा गेली होती, आणि लावरी ती थोडी थोडी परत आणत होती. नेस्ताजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. आदल्या आठवड्यात याच दालनात कप विसळता विसळता तिने ते सगळे तेगवेनला सांगितले होते. पण आता ती इंग्रजीत म्हणाली, "इस्पितळात सगळे चांगले होते. तक्रार अशी काही नाही. थँक्यू." आणि खाली बसली.

मला इतके वाईट वाटले! इंग्रजी तिला येत होते, पण ते ऑफिसात आणि बँकेत नीट वागण्यापुरते. त्या भाषेत तिच्याजवळ आभार होते, रडणे नव्हते.

हॉल्डनसाहेब म्हणाले, "म्हणजे सेवा समाधानकारक आहे. शिवाय या भागातून वेल्श सेवेची फारशी मागणीही आमच्याकडे आलेली नाही."

मेरेरिदबाईंनी चष्मा काढला आणि वेल्शमध्ये विचारले, "नेस्ता, घरी ग्विलिमशी पण अशीच बोलतेस का गं?"

"छे हो बाई! त्याच्याशी इंग्रजीत बोलले तर कुणी पाहुणे आलेत का म्हणून दाराकडे बघेल तो."

दालन खो खो हसले. हॉल्डनसाहेब भांबावून इकडेतिकडे पाहू लागले. मेरेरिदबाई त्यांच्याकडे वळून इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बशीखाली आहे ना, तो हेडफोन आहे. टेबल नव्हे."

साहेबांचे कान लाल झाले. हे मी खात्रीने सांगतो, कारण पुढच्याच क्षणी मी त्या कानांवर होतो.

"आता बोल," मेरेरिदबाई म्हणाल्या. "सगळं बोल. आम्हाला घाई नाही."

आणि नेस्ता बोलली. "इस्पितळात त्याला चित्रं दाखवली. हे काय, ते काय, सगळं इंग्रजीत. हा आपला तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. त्यांनी ठरवून टाकलं, याला काही कळत नाही. माझ्यासमोर म्हणाले हो, हा बसलेला असताना! मग एक चित्र माझ्याजवळ पडलं होतं, ते मी उचललं. मेंढीचं होतं. म्हटलं, ग्विलिम, हे काय रे? आपल्या भाषेत विचारलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, 'मेंढी.' मी रडायलाच लागले. तर हा परत म्हणतो, 'रोडकी.'"

तेगवेनचा आवाज माझ्यात कापला, पण तिने एक शब्दही गाळला नाही. दालनातली माणसे हसत होती आणि डोळे पुसत होती. क्षणभर उशिरा हॉल्डनसाहेबांनी हातातले पेन खाली ठेवले.

"त्याला सगळं कळत होतं," नेस्ता म्हणाली. "मेंढी चांगली की वाईट, हेसुद्धा. लावरी गेली तर तो पुन्हा गप्प होईल. आणि मी घरात एकटीच बोलत बसेन."

मग मेरेरिदबाईंनी जाब विचारला. "साहेब, धोरण तुमच्याच खात्याचं आहे. माणसाला मागायला लावायचं नाही, आधी आपणच त्याच्या भाषेत विचारायचं. तुम्ही म्हणता मागणी आली नाही. ज्याची वाचाच गेली, त्यानं मागायचं कसं?"

साहेबांनी माझे चाक उगाच फिरवले. ते अडकले. "याचं उत्तर आज माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

"मग घेऊन या. वर्षभरानं, याच दालनात. आम्ही इथेच भेटू."

मित्रांनो, सरकारला प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. उत्तर घ्यायला त्याच खुर्चीवर येऊन बसणारे थोडे. वर्षभराने मेरेरिदबाई आल्या. कोकरांचा हंगाम संपला होता, दालनाच्या खिडक्या उघड्या होत्या. हॉल्डनसाहेबही आले, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी निळी पेटी स्वतः उघडली. त्यात धड कानांचे कितीतरी होते. त्यांनी चावलेल्या कानाचा मीच उचलला. त्या क्षणी मला जे वाटले, ते लपवत नाही. माझी छाती फुगली, म्हणजे छाती असती तर फुगली असती.

साहेबांनी उत्तर दिले. लावरीची जागा कायम झाली होती, तिच्या जोडीला आणखी एक जण आला होता, आणि इस्पितळात आता पहिला प्रश्न वेल्शमध्ये विचारला जात होता. मेरेरिदबाईंनी लगेच मान डोलावली नाही. त्या म्हणाल्या, "खरं का, ते ज्याचं त्याला विचारू."

काठी टेकत ग्विलिम उभा राहिला. त्याने तोंड उघडले, आणि शब्द आला नाही. नेस्ताने ओठ घट्ट मिटून धरले होते. कुणी त्याचे वाक्य पुरे केले नाही. तेगवेनही थांबली. माझ्यातून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मी बिघडलो असे वाटून साहेबांनी मला टिचकी मारली. मग त्यांनी ग्विलिमकडे पाहिले, त्यांना समजले, आणि हात खाली घेऊन तेही थांबले.

ग्विलिमने हॉल्डनसाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले, बाजारात जनावर पाहतात तसे.

"माणूस... बरा आहे," तो म्हणाला. "पण... रोडका. पाव... द्या... त्याला."

दालन नुसते कोसळले. तेगवेनला हसू आवरेना, पण कामाची पक्की, तिने शब्द न् शब्द सांगितला. आणि मग, सगळ्यांच्या मागून, दुसऱ्या पंगतीला, हॉल्डनसाहेब हसले. इतके हसले की मी त्यांच्या डोक्यावरून घसरलो.

आता नवे हेडफोन आले आहेत. मी पेटीच्या तळाशी असतो. पण सभेला आलेला ग्विलिम कधीकधी मला वर काढतो, माझा चावलेला कान चाचपतो आणि जागेवर ठेवतो. मी हजारो शब्द वाहिले. सगळ्यांत अभिमान मला त्या शांततेचा आहे, ज्या शांततेत एक सरकार एका मेंढपाळासाठी थांबले होते.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. मला आणि माझ्या भावंडांना फेकून देऊ नका, पेटीत कुजवू नका. समोरच्याची भाषा येत नसेल, तर त्याला तुमच्या भाषेकडे ओढू नका. मला उचला आणि कानावर ठेवा. माझे वजन फार नाही. कान थोडे गरम होतात, इतकेच.