कप्पा ठरवायचा भांडून

धाकटीला शाळेत ग्रंथपालाची नोकरी लागली, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि थोरलीला काळजी लागली.

कारण शब्द टाकला होता थोरलीने. ती त्याच शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची, केस पांढरे होत आले होते तिथेच. "माझी धाकटी जाऊ आहे, शिकलेली आहे, पुस्तकांत रमते," असं मुख्याध्यापिकाबाईंना तिनेच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. धाकटी पुस्तकांत रमायची, इतकी की बाकी कशात तिचं लक्षच नसायचं. भाजीत दोनदा मीठ पडायचं, दूध उतू जायचं, घराच्या किल्ल्या एकदा साखरेच्या डब्यात सापडल्या होत्या. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या हातात पुस्तक असताना चोर आला, तर ही त्यालाही बसायला सांगेल." धाकटी हसायची आणि हसता हसता हातातला कप पाडायची.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोघी जावा वाचनालय बघायला गेल्या. धाकटीने दार उघडलं आणि दोघी उंबऱ्यातच थांबल्या. दिवाळीच्या सुट्टीत खोली रंगवून घेतली होती. रंगाऱ्यांनी सगळी पुस्तकं कप्प्यांतून काढून खोलीच्या मध्यात ओतली होती. वर प्लास्टिक अंथरलं होतं. भिंतीकडेचे कप्पे रिकामे, नव्या रंगाचा वास मारत होते. गणिताची कोडी, परीकथा, शब्दकोश, पाखरांची चित्रं, सगळ्यांचा एकच काला झालेला.

मुख्याध्यापिकाबाई मागून आल्या, त्यांनी चष्मा वर सरकवला. "अरे देवा! असं करा, दोन आठवडे दार बंद ठेवा. सगळं नीट लावून घ्या, क्रमांक टाका, मगच मुलांना आत घ्या."

"बरं, बाई," धाकटी म्हणाली. पण तिची नजर पुस्तकांवरून हलत नव्हती. थोरलीला ती नजर चांगली माहीत होती. दूध उतू जायच्या आधी अशीच असायची.

घरी भाज्या चिरताना थोरलीने विषय काढलाच. "हे बघ, त्या सांगतात तसंच कर. माझं नाक कापू नकोस."

"ताई, एक विचारू? मी एकटीने सगळं लावलं, तर कुठलं पुस्तक कुठे आहे ते कोणाला कळेल?"

"तुला."

"मलाच ना? मुलांना कसं कळणार?"

थोरलीने कांदा तिच्याकडे सरकवला. "तू कांदा चीर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला थोरलीचा वर्ग वाचनालयावरून मैदानाकडे निघाला होता. दार सताड उघडं. धाकटी आतून हाका मारत होती, "या, या! मला तुमची मदत हवी आहे." मुलं विचारायला थांबतात थोडीच! सगळा वर्ग आत घुसला. थोरली मागोमाग, जीव मुठीत धरून.

धाकटी जमिनीवरच बसली होती. प्रत्येकाच्या हातात तिने एकेक पुस्तक दिलं. "रिकामे कप्पे दिसतात ना? कुठल्या कप्प्यात काय ठेवायचं, कप्प्याला नाव काय द्यायचं, ते तुम्ही ठरवायचं. अट एकच. न वाचता बोलायचं नाही."

थोरलीने कमरेवर हात ठेवले. आता गोंधळ होणार आणि तो निस्तरायला आपणच लागणार, याची तिला खात्री होती. गोंधळ झालाही. 'हसवणारी' हा कप्पा तयार झाला, 'भीती वाटते पण थोडीच' हाही झाला. शब्दकोश कोणीतरी 'झोप आणणारी'त नेऊन ठेवला. धाकटीने तो काढला नाही. "वाचून ठरवलंस ना? मग राहू दे. कोणाला पटलं नाही, तर तो वाचेल आणि हलवेल."

तेवढ्यात कोपऱ्यात एका पुस्तकावरून भांडण जुंपलं. एका बाजूला वर्गातला वकील. त्याला हे नाव थोरलीनेच दिलं होतं, कारण तो गृहपाठ न केल्याचीही बाजू मांडायचा. दुसऱ्या बाजूला खिडकीवाली. ही मुलगी जूनपासून खिडकीतून बाहेरच बघायची. तिने एक पान तरी शेवटपर्यंत वाचलेलं थोरलीला आठवत नव्हतं.

"मुखपृष्ठावर बस आहे," वकील म्हणाला. "'गाड्या' कप्प्यात जाणार. संपला विषय."

"बस पहिल्याच पानावर बंद पडते!" खिडकीवालीचा आवाज चढला. तिला आवाज आहे हेच वर्गाला नवीन होतं. "तिला शेतात सोडून देतात. मग तिच्यात कोंबड्या राहायला येतात. पुढचं सगळं पुस्तक कोंबड्यांचंच आहे. तू वाचलंयस का?"

वकिलाने वाचलं नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने पुस्तक ओढून घेतलं, भिंतीला टेकून बसला आणि फुरंगटून वाचू लागला. वाचता वाचता फुरंगटणं विसरला. शेवटी मान वर करून म्हणाला, "हे गाड्यांचं नाही. पण कोंबड्यांचंही नाही. हे म्हातारं झाल्यावर काय करायचं त्याचं आहे."

थोरलीचे कमरेवरचे हात खाली आले. तिने इतकी वर्षं 'गोष्टीचा आशय सांगा' असा प्रश्न फळ्यावर लिहिला होता आणि असं उत्तर तिला एकदाही मिळालं नव्हतं.

"दार बंद ठेवायला सांगितलं होतं ना मी?"

मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. थोरलीची पाचावर धारण बसली. सासूबाईंची भुवई वर गेली तरी जिच्या हातून कप निसटतो, ती आता काय पाडणार, असं तिला झालं.

धाकटी शांतपणे उठली. "सांगितलं होतंत, बाई. मी ऐकलं नाही. त्याची बोलणी मी खाईन. पण आधी यांचा तंटा सोडवून द्या, मला सुटत नाहीये." आणि तिने पुस्तक बाईंच्या हातात दिलं.

"कसला तंटा?"

"वाचल्याशिवाय बोलायचं नाही," कोणीतरी मागून कुजबुजलं.

बाईंनी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. मग एका बुटक्या स्टुलावर बसल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त व्हायच्या होत्या, हे थोरलीला माहीत होतं, मुलांना नव्हतं. पान उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटचं चित्र त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पुस्तक मिटून त्यांनी वकिलाकडे पाहिलं.

"म्हातारं झाल्यावरचं म्हणतोस? त्या बसला काय धाड भरलीये? चांगली मजेत आहे ती. कोंबड्या आहेत, ऊन आहे. 'हसवणाऱ्या'त ठेवा."

"पण बाई, मी हसलो नाही," वकील म्हणाला.

"मग दोन कप्पे करा!" बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि धाकटीकडे वळल्या. "क्रमांक मात्र हवेत. तपासणीला येणाऱ्यांना 'थोडीच भीती' समजत नाही."

"क्रमांक पुस्तकांच्या पाठीवर टाकते, मोठ्यांसाठी," धाकटी म्हणाली.

बाई मान हलवत निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी चौथीचा वर्ग त्यांनी स्वतः आणून सोडला.

पुस्तकं लागायला दोन आठवडे नाही, दीड महिना गेला. काही शिक्षक कुरकुरले. पहिलीतल्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ती चित्रं बघून भांडली. शब्दकोशाचा मुक्काम तर रोजच हलत होता. पण पुस्तक कुठे आहे हे विचारायला कोणी धाकटीकडे येत नसे. एकमेकांनाच विचारत.

एका संध्याकाळी दोघी शाळेतून पायी निघाल्या होत्या. धाकटीच्या पिशवीत शिवायला घेतलेली फाटकी पुस्तकं होती.

"मला नसतं जमलं," थोरली एकदम म्हणाली.

"काय, ताई?"

"त्यांना विचारणं. मी सांगून मोकळी झाले असते."

धाकटी रस्त्यातच थांबली. तिला वाटलं जाऊबाई थट्टा करतात. मग तिचा चेहरा असा उजळला की थोरलीलाच अवघडल्यासारखं झालं. "चल, आण इकडे," म्हणत तिने पिशवीचा एक बंद हातात घेतला. दुसरा धाकटीच्या हातात राहिला. धाकटी उद्याच्या दुसरीच्या वर्गाबद्दल बोलत सुटली आणि थोरली, मध्ये एक शब्दही न घालता, ऐकत चालली.