डाव्या कडेवरचे दात

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. घरात मात्र मला कोणी या नावाने ओळखत नाही. माझ्या अंगावर दुहेरी घोंगडे आहे, त्यावर चादर, आणि चादरीवर इस्त्रीने भाजल्याचा तपकिरी डाग. सगळे मला इस्त्रीचे टेबल म्हणत आले. मीही मुकाट्याने ओ देत आलो. एका फळीने किती वाद घालावा?

मित्रांनो, नकाशा काढायचा बोर्ड तुम्ही पाहिला नसेल, म्हणून आधी ते सांगतो. मऊ लाकडाच्या पट्ट्या जोडून सुताराने मला घडवले. मऊ एवढ्यासाठी, की टाचणी सहज रुतावी. मग त्याने माझ्या डाव्या कडेला रंधा मारला. एक डोळा मिटून तो त्या कडेवरून बघायचा आणि पुन्हा रंधा मारायचा. बाकीच्या कडांकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. टी-स्क्वेअर नावाची एक लांब पट्टी असते. तिचे डोके माझ्या डाव्या कडेला टेकवून पट्टी वरखाली सरकवायची आणि तिच्या आधाराने आडव्या रेघा ओढायच्या. कड सरळ, तर रेघ सरळ. रेघ सरळ, तर भिंत सरळ. माझा सगळा मान त्या एका कडेत होता.

मी ज्या कचेरीत लागलो, तिथे इमारतींचे नकाशे निघत. माझ्यावर एक तरुण मुलगी काम करायची. रेघ ओढताना ती पेन्सिल बोटांत हळूच फिरवायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघ शेवटपर्यंत एकसारखी येते. मोठे साहेब सहसा कोणाचे कौतुक करत नसत. पण एकदा तिच्या कागदावर वाकून ते म्हणाले, की हिच्या रेघेवर गवंड्याने डोळे मिटून भिंत चढवावी. तेव्हापासून सगळे तिला रेघबाई म्हणू लागले. ती रागावल्यासारखे करायची. संध्याकाळी घरी जाण्याआधी माझी डावी कड कोरड्या फडक्याने पुसायची.

मग तिला मुलगी झाली. बाळाला सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते. तिचा नवरा काही वाईट माणूस नव्हता. पण दोघांपैकी कोणी घरी राहायचे, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारलाच नाही. ती निरोप घ्यायला आली, तेव्हा साहेबांनी मला माझ्या चार पायांसकट तिच्या सोबत दिले. "हात चालू ठेव," ते म्हणाले. "बाळ चालायला लागलं की ये परत."

घरी बाळ झोपले की ती माझ्यावर कागद लावायला बसायची. कागदाला चार टाचण्या लागतात. बहुतेक वेळा चौथी टोचायच्या आत बाळ उठायचे.

लेक धरून उभी राहू लागली, तेव्हा तिच्या हिरड्या शिवशिवायच्या. सगळे घर सोडून तिला माझी डावी कडच गोड लागली. पहिले दोन दात तिने माझ्यावरच पाजळले. लाळेने लाकूड फुगले आणि वाळल्यावर तिथे खडबडीत उंचवटा राहिला. रेघबाईने त्यावरून बोट फिरवले, रागवायला तोंड उघडले, तोच लेकीने ते दोन दात दाखवले. झाले, आई विरघळली. कामावर परत जाताना रंधा मारून घेऊ, असे ती नवऱ्याला म्हणाली.

मित्रांनो, ते परत जाणे झालेच नाही. लेक चालू लागली, पण तिच्या मागे धावायला कोणी हवे होते. ती शाळेत गेली, पण शाळा दुपारीच सुटायची. मग सासरे राहायला आले आणि अंथरुणाला खिळले. दर वेळी कारण खरे असायचे, आणि तेच तर अवघड होते. तिकडे साहेब निवृत्त झाले, कचेरीत कॉम्प्युटर आले. इकडे माझ्यावर आधी लंगोटांच्या घड्या झाल्या, मग भाजी निवडली गेली, मग लेकीचा अभ्यास झाला, आणि शेवटी हे घोंगडे आले. नणंद आली की म्हणायची, वहिनीचं बरं आहे, घरीच असते, हात मोकळे. तेव्हा वहिनीच्या मोकळ्या हातात नणंदेच्याच मुलाचा शर्ट असायचा. रेघबाई हे नाव त्या घरात कोणाला ठाऊकही नव्हते.

एका दुपारी लेक माहेरी आली. ती आता दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासायची, आणि तिला दिवस गेले होते. नोकरी सोडायचे तिच्या मनात होते. "तूही सोडलीसच ना?" ती म्हणाली. "आम्हाला काही कमी पडलं नाही."

आईने इस्त्री उभी केली. चादर आणि घोंगडे बाजूला काढले. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. कपाटामागून तिने टी-स्क्वेअर काढला, कागद टाचला आणि एक रेघ वर ओढली, दुसरी त्याखाली. दोन्ही रेघा समांतर यायला हव्या होत्या. खालची वरचीकडे झुकली.

"हे काय?" लेकीने विचारले.

"तुझे दात."

लेक हसली. "मग रंधा मारून घ्यायचास ना."

"मारला की दात जातात तुझे."

लेकीचे हसू विरले. "खरं सांग आई. माझ्यासाठी सोडलंस, त्याचं सार्थक झालं का?"

आईने दोन्ही तळवे कागदावर टेकले. तिच्या तळव्यांचे वजन मला कळत होते.

"तुझ्याकडे बघून नाही म्हणवत नाही गं," ती म्हणाली. "आणि या रेघेकडे बघून हो म्हणवत नाही."

"मग मी काय करू?"

आईने काय सांगावे? नोकरी सोडू नकोस म्हणावे, तर लेकीला वाटायचे की माझ्यामुळे आई वाया गेली. सोड म्हणावे, तर आणखी एक जण घोंगड्याखाली जायची. आतून बाबांनी विचारले, शर्ट झाला का. आईने टाचण्या काढल्या आणि घोंगडे पुन्हा पसरले.

लेकीने नोकरी सोडली. बाळाचे कपडे बदलायला माझी उंची बरोबर आहे, म्हणून ती मला तिच्या घरी घेऊन आली. मला उचलून नेण्याआधी आईने माझी डावी कड कोरड्या फडक्याने पुसली. टी-स्क्वेअर तिथेच राहिला. तो कोणी मागितला नाही. आई आता पलंगावर इस्त्री करते म्हणे.

दुपारी बाळ झोपले की लेक कधी कधी चादर उचलते, एक डोळा मिटते आणि माझ्यावरच्या टाचणीच्या भोकात बघत बसते. काय दिसते कोणास ठाऊक. तेवढ्यात बाळ उठते.

मित्रांनो, तुमच्या घरात चादर घातलेले एखादे टेबल असेल, तर ती एकदा उचलून बघा. आईला विचारा, तू आधी कोण होतीस. उत्तर यायला वेळ लागेल, पळून जाऊ नका. त्याने गेलेले काही परत येत नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारा.

आमचे बाळ आता धरून उभे राहू लागले आहे आणि त्याच्या हिरड्या शिवशिवत आहेत. तुमच्या धाकट्या भावंडाचेही तसेच होत असेल, तर त्याला त्या टेबलाच्या उजव्या कडेला उभे करा. उजव्या कडेवाचून कोणाचे काही अडत नाही.